रिकाम्या गाळ्यावरची पाटी

रविवार, कुर्डुवाडी. जंक्शनवर मालगाडीचं शंटिंग चाललंय, इकडे संगणकाच्या टर्मिनलवर ओळी सरकतायत. ओळखीतल्या एका शिक्षणसंस्थेने तिच्या डोमेनच्या सुरक्षा तपासणीची लेखी परवानगी दिलीय. (तिच्याशिवाय या वाटेला जाऊच नये.) सबफाइंडर या साधनाने सबडोमेन गोळा केली, यादी सबझी या बेवारस सबडोमेन हुडकणाऱ्या साधनाला दिली. जुन्या प्रवेशप्रक्रियेचं सबडोमेन धोक्यात निघालं. गिटहबवरचं पान कधीच काढलेलं, पण डीएनएसमधली सीनेम नोंद अजून तिथलाच पत्ता सांगतेय. गाळा रिकामा, पाटी संस्थेची. कोणीही आत शिरून दुकान मांडावं!

सबझी तसं भाबडंच. ‘इथे साइट नाही’ अशा अर्थाचं ठरावीक वाक्य दिसलं की ओरडतं. म्हणून हाताने पडताळावंच लागतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गार्डिओ लॅब्ज या सायबरसुरक्षा गटाने उघड केलं, की एमएसएन, मॅकॅफी, कॉर्नेल विद्यापीठ अशा नामवंतांसह हजारो डोमेनांची अशीच बळकावलेली १३,०००हून जास्त सबडोमेन वापरून रोज लाखो फसव्या मेल धाडल्या जात होत्या. या नामवंतांकडे निदान पगारी तज्ज्ञ असतात. तालुक्याच्या संस्थेत डीएनएसचा पासवर्ड कोणाकडे आहे, इथूनच शोध सुरू होतो.

होस्टिंग बंद करताय? मग आधी डीएनएसमधली नोंद पुसा, सेवा नंतर बंद करा.