निरोप्याचा गुन्हा

घोड्यांच्या शर्यतींवर मैदानाबाहेर लावावयाच्या पैजांविषयीं इंग्लंडांत जो जुना कायदा होता, तो वाचतांना आम्हांस प्रथम हंसूं आलें, मग खेद वाटला. धनिकानें घरबसल्या टेलिफोनवरून उधारीवर पैज लावली, तर तो गुन्हा नव्हे. मजुराचा रोख शिलिंग मात्र रस्त्यावर घेणाऱ्या बुकीच्या निरोप्यास १९०६ च्या कायद्यान्वयें पहिल्या खेपेस १० पौंडांपर्यंत दंड! पुढें १९६० च्या कायद्यानें वाट मोकळी केली आणि मे १९६१ पासून पैजेचीं परवानाधारक दुकानें उघडलीं.

जुगार वाईटच, असें आम्ही मुलांस सांगतों. परंतु आमच्या दिवाणखान्यांत पैसे लावून पत्ते रंगतात. तोच डाव गड्यानें ओसरीवर मांडला, तेव्हां आम्हींच त्यास दटावलें. आमचा राग जुगारावर होता, कीं गड्यावर?