शिवाजी पार्क : आपल्या हक्काची मोकळी जागा

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आम्ही शिवाजी पार्कवर येतो. विदर्भ-मराठवाड्यातून आलेले आपले बांधव तेथे मंडपात पाठ टेकतात, शिदोरी सोडतात, बाबासाहेबांचे ग्रंथ विकत घेतात. १९२५ साली मुंबई महापालिकेने हे मैदान लोकांसाठी खुले केले, म्हणूनच आज लाखोंना आसरा मिळतो. आमच्या वस्त्यांत मात्र पोरांना खेळायला गल्लीच उरते. मैदान आधी नकाशावर राखावे लागते, तरच ते जमिनीवर टिकते. नोकरीतले आरक्षण आपण जपतो, तसे विकास आराखड्यातील मैदानाचे आरक्षणही जपले पाहिजे. बंधू-भगिनींनो, आराखडा जाहीर होताच वस्तीची बैठक घ्या आणि मुदतीत लेखी हरकती-सूचना नोंदवा. जयभीम!