परतीचा आहेर

लग्नाला आलेल्या माणसाच्या हातात जाताना काय ठेवावे, हा प्रश्न आमच्या घरात गेल्या फाल्गुनात उपस्थित झाला आणि वैशाखात अक्षता पडेपर्यंत त्याने घरातल्या एकाही माणसाला स्वस्थ बसू दिले नाही. कार्यालय ठरले, आचारी ठरला. मुलामुलीने तर एकमेकांना दोन वर्षांपूर्वीच ठरवून टाकले होते. जे जे मोठे आणि खर्चाचे, ते सारे चुटकीसरशी मार्गी लागले, आणि गाडे येऊन अडले ते एका वीतभर वस्तूपाशी. ज्यांनी घरात कार्य काढले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

लग्न माझ्या पुतणीचे. आमचे थोरले बंधू, म्हणजे दादा, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. धाकट्या मुलाच्या शिक्षणाचे कर्ज अजून डोक्यावर आहे. पुतणी पुण्याला नोकरी करते आणि दादांपेक्षा थोडे अधिकच मिळवते. लग्नाचा निम्मा खर्च माझा, असे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकले. दादा त्यावर काही बोलले नाहीत. दादा बोलत नाहीत तेव्हा त्यांना पटलेले असते की लागलेले असते, हे तीस वर्षे त्यांच्याबरोबर संसार केलेल्या वहिनींनाही सांगता येत नाही. मग माझी काय कथा!

अशात पुण्याहून विहीणबाईंचा फोन आला. बाई मोठ्या मनमोकळ्या. "पत्रिकेत 'आहेर आणू नये' असं छापू या," त्या म्हणाल्या, "पण रिटर्न गिफ्ट मात्र छानसं हवं हं!"

मी पडलो मराठीचा अध्यापक. शब्द कानावर आला की तो उलटून त्याची मागची बाजू पाहायची, ही आमच्या धंद्यातली खोड. रिटर्न म्हणजे परत. परत करायचे ते आधी घेतलेले असले पाहिजे. घेणार नाही असे एकीकडे छापायचे, आणि दुसरीकडे परत करायचे. ही जमाखर्चाची कुठली रीत? मी हे बोलून दाखवताच आमची सौभाग्यवती म्हणाली, "एवढं विहीणबाईंना शिकवायला जाऊ नका." मी गेलो नाही.

पण विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले, की पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवू नये ही गोष्ट काही नवी नाही. माझ्या वडिलांच्या पिढीत लग्नानंतरच्या समारंभाला 'पानसुपारी' असेच नाव होते. दारात गुलाबदाणीतून अंगावर चार थेंब उडत, मनगटाच्या मागच्या बाजूला अत्तराचे बोट फिरे, हातात पेढा आणि विडा पडे. बायकांची ओटी भरली जाई, पुरुषांना नारळ मिळे. (नारळ देणे याचा मराठीत दुसराही एक अर्थ आहे आणि तो नोकरदारांना ठाऊक आहे, पण लग्नातल्या नारळाने आजवर कुणाला अपमान वाटलेला मी पाहिला नाही.) गावी परतणाऱ्यांच्या पिशवीत बुंदीचे लाडू आणि चिवडा यांचा पुडा असे आणि तो एस.टी.तच संपे.

आमचा एक जुना विद्यार्थी कोइमतूरला असतो. तो सांगतो, की तिकडे वधूवरांची नावे छापलेली कापडी पिशवी देतात आणि तीत नारळ, विड्याची पाने, सुपारी असते. अशा पिवळ्या पिशवीचा तमिळ माणसाला इतका लळा, की २०२१ च्या डिसेंबरात तिथल्या सरकारने प्लॅस्टिकविरुद्ध मोहीम काढली ती त्या पिशवीच्याच नावाने. इटलीत साखरेत घोळवलेले पाच बदाम देतात: आरोग्य, संपत्ती, सुख, संतती आणि दीर्घायुष्य यांचे एकेक. पाचच का, तर विषम संख्या दोघांत सारखी वाटता येत नाही. हे वाचून मला आमचे अकरा, एकवीस आणि एकावन्न रुपये आठवले. वरचा तो एक रुपया समुद्र ओलांडूनही गेलेला दिसतो!

असो. आमच्या ओसरीवर परिषदा भरू लागल्या. विहीणबाईंनी फोनवरून चित्रे धाडली. चांदीचा मुलामा दिलेले बोटभर तुळशीवृंदावन, काचेच्या पेल्यात मेणबत्ती, वधूवरांच्या छायाचित्रात गुंडाळलेले चॉकलेट. छायाचित्राचे ते कागद दुसऱ्या दिवशी कुठे जातील या विचाराने वहिनी कासावीस झाल्या आणि चॉकलेट बाद झाले. पुतणीच्या मैत्रिणीने रोपे सुचवली. कल्पना गोड; पण सांगलीचा वैशाख आणि एस.टी.चा प्रवास यांतून तुळशीचे रोप कोल्हापूरपर्यंत तरी जिवंत पोचेल काय? एका लग्नात जेवणानंतर खुर्च्यांखाली राहिलेली रोपे मी स्वतः मोजली होती, सत्तावीस भरली. ती सारी कार्यालयाच्या रखवालदाराने नेली आणि त्याच्या दारी आज तुळशीबाग झाली आहे, ती गोष्ट निराळी.

मी पुस्तक सुचवले. चाळीस-पन्नास रुपयांत चांगले छोटे पुस्तक मिळते, ते शिळे होत नाही आणि गळत नाही. "लोक लग्नाला येतात, परीक्षेला नाही," सौभाग्यवतीने निकाल दिला. माझे मत अजूनही पुस्तकाकडेच आहे.

कुणी बेदाणा सुचवला. तासगाव जवळ, माल उत्तम. पण त्याला मुंग्या लागतात, आणि भाव ऐकल्यावर आम्हालाही काहीतरी चावल्यासारखे झाले.

दादांच्या मनात मात्र एकच होते. स्टीलचा झाकणाचा डबा, वर मशिनने कोरलेली नावे. "द्यायचं तर टिकणारं द्यावं," ते म्हणाले. त्यांनी दुकानात जाऊन भावही काढला होता: एकशेदहा रुपये. साडेतीनशे माणसे, म्हणजे अडतीस हजार पाचशे. पुतणीने हिशेब मांडला आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, एवढ्यात धाकट्याच्या कर्जाचे हप्ते जातील. आणि स्टीलचे डबे कुणाच्या घरी नाहीत?" तिचे काही चुकले नव्हते. संक्रांतीच्या वाणातल्या वाट्या ज्या घरात माळ्यावर चढवून ठेवाव्या लागतात, त्या महाराष्ट्रात आणखी डबे वाटणे म्हणजे कृष्णेत घागर ओतणे. पण दादा उठून बाहेर गेले आणि त्या रात्री जेवले नाहीत.

रात्री उशिरा त्यांनी मला हाक मारली. त्यांच्यापुढे वडिलांची आहेराची वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची ही वही ज्यांच्या घरात आहे त्यांना तिचे महत्त्व सांगायला नको. कुणी काय दिले, हे तीत लिहून ठेवायचे आणि त्यांच्या घरचे कार्य निघाले की ती काढून पाहायची. त्यांचे अकरा आले असतील, तर आपले अकराच्या खाली जायचे नाहीत. मधल्या काळात भाव वाढले असतील, तर एकवीस. लिहिता न येणारी माणसे हे सारे तोंडपाठ ठेवत. याला कुणी हिशेबीपणा म्हणेल. मला मात्र तो सावकार नसलेला गावचा भिशीफंड वाटतो: ज्याच्या घरी कार्य, त्याच्याकडे त्या दिवशी साऱ्यांचे थोडे थोडे जमायचे.

१९९४ साली आमच्या थोरल्या बहिणीचे लग्न झाले, तेव्हाचे पान दादांनी उघडले होते. ११ रुपये. ५ रुपये. स्टीलचे ताट १. २१ रुपये. साखर ५ किलो. आणि खालून चौथ्या ओळीत, वडिलांच्या मोडीवळणाच्या अक्षरात, रकमेच्या रकान्यात आकडा नव्हताच. तिथे लिहिले होते: 'पाणी भरले. तीन दिवस.'

हळदीच्या वखारीतले ते एक हमाल होते. वडिलांच्या ओळखीचे. त्या लग्नात नळाने दगा दिला, तेव्हा सायकलीला घागरी अडकवून तीन दिवस त्यांनी मांडवाला पाणी पुरवले होते. मी शाळेत होतो. मला फक्त सायकलीच्या घंटेचा आवाज आठवतो.

"यांचं काय परत केलं आपण?" दादांनी विचारले. "त्यांच्या मुलीचं लग्न गावाकडे झालं, आपल्याला कळलंसुद्धा नाही. ते गेले त्यालाही सहा वर्षं झाली. आणि आता 'आहेर आणू नये' म्हटलं, की ही वहीच बंद. मग डबा तरी नको का द्यायला?"

दादा डब्यासाठी का अडून बसले होते, हे मला तेव्हा उमगले. विहीणबाईंपुढे तोरा मिरवायचा नव्हता त्यांना.

गाठ सुटली ती वहिनींच्या कपाटातून. लग्नाची आवराआवर करताना ब्लाउजपीसचे गाठोडे निघाले. स्त्रीवाचकांना हा प्रवासी परिचयाचा आहे. तो ओटीत येतो, कपाटात विसावा घेतो आणि दुसऱ्या ओटीतून पुढे निघतो. शिंप्याचे तोंड तो क्वचितच पाहतो. वहिनींकडे असे बेचाळीस निघाले. पुतणी म्हणाली, "यांच्या पिशव्या शिवू या." कात्री घेऊन पाहिले, तर एका तुकड्यात तळहाताएवढ्या आठ पिशव्या बसत होत्या. शिवाय तिने आणखी एक मुद्दा काढला: माणसे साडेतीनशे असली तरी घरे एकशेतीसच होती. दर माणशी नव्हे, दर घरी एक द्यायची. म्हणजे सतरा तुकड्यांत काम भागत होते. हे गणित आमच्यापैकी एकाही पुरुषाला सुचले नव्हते.

"पण आत काय घालायचं?" वहिनींनी विचारले.

तीन दिवस न बोललेले दादा म्हणाले, "हळद."

सांगलीच्या माणसाने हळदच द्यावी, याला काय उत्तर आहे? २०१८ पासून सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याची आठवण आम्हाला वर्तमानपत्राने करून द्यावी लागते. खरी ओळख नाकाची. शेजारच्या हरिपूरला जमिनीत दोन-तीन पुरुष खोल पेवे खणून त्यांत वर्षानुवर्षे हळद ठेवीत. तोंड मातीने लिंपले की आत कीड नाही, वारा नाही. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, बरीचशी ढासळली, आणि व्यापाऱ्यांनी गोदामांची वाट धरली. दादा स्वतः मार्केट यार्डात जाऊन चौदा किलो हळकुंडे घेऊन आले. कांडपात थोडी घट गेली, तरी दर पिशवीला शंभर ग्रॅम बसली. हळकुंडे, कांडप, आतली कागदी पुडी, नाडी, आणि गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंची दर पिशवीला दहा रुपये मजुरी, सगळे मिळून पाच हजारांच्या आत आले. सोबतची चिठ्ठी मी लिहिली. मजकूर बारा ओळींचा होता आणि त्यात 'ऋणानुबंध' दोनदा आले होते. पुतणीने तो एवढाच ठेवला: 'आलात, बरे वाटले. हळद सांगलीची, कुटलेली घरची.'

अडचण आली ती वेगळीच. आमच्या आत्या ब्याऐंशी वर्षांच्या, वीस वर्षांमागे यजमान गेले. पिशव्या भरताना त्या कोपऱ्यात बसून म्हणाल्या, "हळद सवाष्णींना द्या गं. मला नि माझ्यासारख्यांना काय द्यायचं ते वेगळं बघा. नाही तर नको काही." आवाजात तक्रार नव्हती, गाडी किती वाजता आहे, हे सांगावे तसे त्यांनी सांगितले. पुतणीचे तोंड लाल झाले. पण ती काही बोलण्याआधीच वहिनी उठल्या, भरलेली पहिली पिशवी आत्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "आत्या, ही आमटीत घालायची हळद आहे. तुमच्या आमटीला रंग नको का?" आत्यांनी पिशवी उचलली, नाकाशी नेली, आणि बराच वेळ तिथेच धरून ठेवली. वेगळे काही बघावे लागले नाही. एकशेतीस घरांत किती घरे कोणाची, हे कुणी मोजले नाही.

लग्नाच्या दिवशी विहीणबाई दारात उभ्या राहून पिशव्या देत होत्या, जणू कल्पना त्यांचीच. एका मावशींनी पिशवी निरखून पाहिली आणि ओरडल्या, "अगं, हा तर मी तुला राहुलच्या मुंजीत दिलेला खण!" क्षणभर वहिनींचा श्वास अडकला. पण मावशी खूश होत्या. चार जणींना बोलावून त्यांनी आपला खण दाखवला आणि तो अजून विटलेला नाही याचे श्रेय स्वतःकडे घेतले.

चौथ्या दिवशी दादा मला घेऊन हरिपूरच्या वाटेला निघाले. हमालांच्या पत्नी तिथे मुलाकडे राहतात. उभी हयात त्यांनीही हळद निवडण्यात काढलेली. दादांनी पिशवी पुढे केली. ओळख सांगायला थोडा वेळ लागला. म्हातारीने नाडी सोडली, चिमूटभर हळद तळव्यावर घासली.

"राजापुरी हाय न्हवं?"

"होय," दादा म्हणाले.

मग तिने पोरगी कुठे दिली, जावई काय करतो, सगळे विचारले आणि आत गेली. पत्रिकेत काय छापले होते हे सांगायला दादांनी तोंड उघडले होते, ते मिटले. बाहेर येऊन तिने दादांच्या हातावर पोरीसाठी दहाची नोट ठेवली, आणि 'थांबा' म्हणून पुन्हा आत गेली. वरचा रुपया शोधायला तिला बराच वेळ लागला.