राहते घर, राहते स्मारक

लंडनच्या चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येईल इतक्या अंतरावर १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. परमपूज्य बाबासाहेब शिकत असताना १९२१-२२ साली येथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन, दुरुस्त करून स्मारक केले. पण तेथील कॅम्डेन कौन्सिलने २०१८ साली परवानगी नाकारली. राहत्या घराचा वापर राहण्यासाठीच व्हावा, असे कौन्सिलचे म्हणणे. शासनाने अपील केले आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने स्मारकाला मान्यता दिली.

कौन्सिलचे म्हणणे आम्हा मुळशीकरांना उडवून लावता येणार नाही. त्याच १९२१ साली येथे धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तरी पुढे घरेदारे पाण्याखाली गेलीच. राहते घर जाणे म्हणजे काय, हे आम्ही जाणतो.

म्हणून त्या वास्तूत नुसते हार घालून परतू नये. बाबासाहेब तेथे विद्यार्थी होते. १९२३ साली ते डी.एस्सी. झाले. विलायतेत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तेथे जाऊन बसावे, वाचावे. तरच ते घर राहते राहील.

जयभीम!