डिप्पर

येझदीच्या डिप्परच्या बटणावर मी पहिल्यांदा अंगठा ठेवला तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. अण्णा पाचगणीला एका दवाखान्यात कंपाउंडर होते. शाळेला सुट्टी असली की मलाही टाकीवर पुढे बसवून न्यायचे. परतताना पसरणीच्या घाटात अंधार पडायचा. उजवी-डावी वळणं, खाली कुठेतरी धोमच्या पाण्यावर उरलेला उजेड आणि त्याही पुढे वाईचे दिवे. समोरून एसटी चढत असली की ती दिसायच्या आधी तिचा झोत वळणावरच्या कातळावर पडायचा. अण्णा म्हणायचे, "कर." मी अंगठ्याने बटण सरकवायचो. आमचा झोत दरीकडून रस्त्यावर उतरायचा आणि लगेच एसटीचाही खाली यायचा. एवढ्या मोठ्या गाडीच्या ड्रायव्हरला मी काहीतरी सांगितलं आणि त्याने ते ऐकलं, असं मला वाटायचं. आजही तसंच वाटतं.

म्हैसूरला येझदी बनवणारा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. पुढच्याच वर्षी मला नोकरी लागली आणि मी शंभर सीसीची गाडी घेतली. हिचा उजेड निराळ्या स्वभावाचा होता. पुढच्या दिव्याला वीज बॅटरीतून येत नसे, थेट इंजिनाजवळच्या कॉइलमधून येई. इंजिन जितकं फिरेल तितका दिवा पेटणार. घाटात याचा अर्थ फार लवकर कळतो. वळण आलं की आपण ॲक्सिलरेटर सोडतो आणि नेमका तिथेच, जिथे रस्ता दिसायला हवा तिथेच, उजेड पिवळा पडतो. मग हात-पाय आपोआप शिकले: वळणाच्या थोडं आधीच गिअर पाडायचा. इंजिन गुरगुरतं, वेग आवरतो आणि दिवाही फुलतो. या एका सवयीने मला पंचवीस वर्षं घाटातून सुखरूप आणलं.

गेल्या आषाढात त्या गाडीचं डाव्या हाताचं डिप्परचं बटण गेलं. वय आणि पाऊस, दुसरं कारण नाही. खालचे दोन स्क्रू काढले, बटणाचे दोन भाग उघडले, तर आत हिरवा कीट, वाळलेलं ग्रीस, झिजलेली पितळी पट्टी. स्प्रिंगखालचा छर्रा टुणकन उडाला तो अंगणात कुठे गेला ते आजवर सापडलेलं नाही. या एवढ्याशा पट्टीवरून दिव्याची सगळी वीज जाते. पस्तीस वॉटचा बल्ब, बारा व्होल्ट, म्हणजे जवळपास तीन अँपिअर. पट्टीवर कीट चढला की वीज तिथेच अडते, पट्टी तापते आणि आजूबाजूचं प्लॅस्टिक मऊ होतं. शंभर वॉटचा बल्ब हौसेने बसवणाऱ्यांच्या गाडीत आधी बटण जळतं, ते यामुळे.

मी जवळच्याच दुकानातून नवं बटण आणलं. होंडाच्या पद्धतीच्या जोडकामात पांढरी वायर लो बीमची, निळी हाय बीमची, हिरवी अर्थची. हे माझ्या तोंडपाठ. नव्या बटणाच्या वायरींचे रंग मात्र भलतेच. अशा वेळी रंगावर विश्वास ठेवायचा नाही, मल्टिमीटर घ्यायचा. डिप्परच्या तीन वायरी असतात. बटण खाली असताना ज्या दोन वायरींवर मीटर वाजतो त्या लिहून ठेवायच्या, बटण वर करून पुन्हा बघायचं. दोन्ही वेळा जी वायर जोडीत येते ती वीज आणणारी, उरलेल्या दोन बल्बाकडे जाणाऱ्या. हेडलाइटच्या वाटीत वायरींचं जंजाळ असतं, तिथे एकेक जोड करून स्लीव्ह चढवली. हँडल एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवून बघितलं. वायर थोडी सैल ठेवावी लागते, नाहीतर महिन्याभरात ती तिथेच तुटते.

संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून चालू केली. झोत वर, झोत खाली. काम झालं. अण्णा ओसरीत खुर्चीवर बसून बघत होते. ऐंशी ओलांडलीय त्यांनी, गाडी सोडून बरीच वर्षं झाली. म्हणाले, "मधे धर."

मी बटण अर्ध्यावर धरलं. भिंत काळी झाली.

"हे नको लावूस," अण्णा म्हणाले.

जुनं बटण अर्ध्यावर धरलं की बल्बाच्या दोन्ही तारा एकदम पेटायच्या. लहानपणी येझदीवर मी हा खेळ कितीदा केला होता, पण त्यामागचं कारण मला त्या संध्याकाळी कळलं. चांगल्या बटणात पहिली पट्टी सुटायच्या आधी दुसरी धरते. अंगठा सरकत असताना रस्ता डोळ्यांसमोरून एक क्षणही जात नाही. मी आणलेल्या बटणात तो क्षण काळा होता. घाटातल्या वळणावर, समोरून गाडी येताना, पन्नासच्या वेगात.

दुसऱ्या दिवशी मीटर खिशात घालून साताऱ्याला गेलो. दुकानदार आधी वैतागले, मग एकाने स्वतःच खोक्यातून चार नग काढून दिले. तिसऱ्या दुकानात असं बटण मिळालं की मधे धरलं तरी मीटर दोन्हीकडे वाजत होता. तेच लावलं.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप पेटतो, बंद करायचं बटणच उरलेलं नाही. सुरुवातीला भर दुपारी लोक हाताची बोटं उघडमीट करून "दिवा चालू आहे" असं सांगायचे, तेव्हा मला बरं वाटायचं. अनोळखी माणसाची कोणाला तरी काळजी होती. दिवा बंद करायचं बटण गेलं ते चांगलंच झालं, दिवसाही गाडी लांबून दिसते. डिप्परचं बटण मात्र राहिलं आणि ते कधी दाबायचं हे अजून माणसाकडेच आहे.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर आज अंधार पडल्यावर ती भिंतीसमोर उभी करा. इंजिन चालू ठेवा आणि डिप्परचं बटण अगदी सावकाश सरकवा. मधे भिंत काळी झाली तर घाटात जाण्याआधी ते बदलून घ्या.