परगावचे घर

पूर्वी भाड्याने घर देणारा मनुष्य बहुधा त्याच घरात राहत असे. पुढल्या दोन खोल्या भाडेकरूकडे, मागल्या तीन मालकाकडे, विहीर दोघांची आणि भांडणही दोघांचे, अशी ती व्यवस्था होती. मालकास भाडेकरूचा खोकला ऐकू येई आणि भाडेकरूस मालकाच्या घरची फोडणी समजे. आता पुण्यामुंबईस नोकरी करणारी, परंतु तेथे दुसरे घर घेण्याची ऐपत नसलेली कित्येक कुटुंबे शिलकीचा पैसा लहान गावातील घरात घालू लागली आहेत. घर एका गावी, मालक दुसऱ्या गावी आणि दोहोंमध्ये दूरध्वनी! हा उद्योग आरंभू इच्छिणाऱ्यांस आमचा अनुभव थोडाबहुत उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हे चार शब्द.

आम्ही राहतो पुण्यास. घर रामटेकास, म्हणजे नागपूरच्याही पलीकडे सुमारे ५० किलोमीटर. आमच्या मातुल घराण्याचे ते कवेलूचे घर विकावयास निघाले, तेव्हा आम्ही उभयतांनी ते घेतले. त्यात ममता किती आणि हिशेब किती, याची वाटणी आम्हांला आजही करता येत नाही.

रामटेक हेच कालिदासाचे रामगिरी होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. ते मानले तर परगावी घर असणाऱ्यांचा मूळपुरुष याच टेकडीवर राहून गेला, असे म्हणावे लागेल. यक्ष रामगिरीस आणि त्याचे घर अलकेस! पण त्याची तयारी पाहावी. कुबेराच्या वाड्याच्या उत्तरेस घर, इंद्रधनुष्यासारखे तोरण, पत्नीने लेकरासारखा वाढविलेला बालमंदार, पाचूच्या पायऱ्यांची बावडी, दाराशी रेखाटलेले शंख व पद्म, अशा खुणा तो मेघाला एकेक करून सांगतो. आपण जवळ नसल्यामुळे घराची कळा गेली असेल, हेही तो ओळखून आहे. आमच्या घरात पाचू नाहीत. तथापि आम्हीही यादी केली: विजेच्या मीटरचा आकडा, नळ किती, न्हाणीघराच्या दाराची कडी, मागल्या छपरीतील ओल. भाडेकरूसमक्ष छायाचित्रे काढली आणि यादीवर दोघांच्याही सह्या घेतल्या. पुढे उद्भवणारे निम्मे वाद या एका कागदाने मिटतात.

आता उत्पन्नाचे पाहू. रामटेक हे तालुक्याचे ठिकाण. बदलीवर येणारे सरकारी नोकर, बँकेतील मंडळी, शिक्षक, आणि १९९७ साली स्थापन झालेल्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालयाशी संबंधित लोक, हे येथले संभाव्य भाडेकरू. समजा, घर २० लाखांचे आणि भाडे महिना ६,००० रुपये. वर्षाचे ७२,००० झाले. त्यात एक महिना घर रिकामे राहिले की ६६,००० उरले. घरपट्टी व विमा यांचे ६,०००, रंगसफेदी, कवेलू फेरणे व नळदुरुस्तीचे १२,०००, आणि घरावर नजर ठेवणाऱ्याचे ६,००० वजा जाता हाती येतात ४२,०००. म्हणजे शेकडा दोनाहून किंचित अधिक. बँकेतील मुदतठेव याहून बरी. प्राप्तिकराच्या कायद्यात घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते खरी, पण तेवढ्याने हे अंतर भरून निघत नाही. किंमत वाढेल ही आशा असते. आशेचा हिशेब मांडता येत नाही. ज्याला हे आकडे सोसवत नाहीत, त्याने या वाटेस जाऊ नये.

दुसरा प्रश्न स्थानिक माणसाचा. १९५१ साली मालगुजारी गेली. तोपर्यंत आमच्या या मुलखात गावी न राहणाऱ्या मालगुजाराचा कारभार त्याचा गुमास्ता पाहत असे, आणि रयतेच्या दृष्टीने गुमास्ता हाच मालक. आयर्लंडात मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट होता. १८८० साली कुळांनी त्याच्याशी सर्व व्यवहार तोडले आणि त्याच्या आडनावाचा शब्दच होऊन बसला. दूर राहणाऱ्या मालकाचे नाव मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नाही! म्हणून आमच्या माणसास आम्ही वसुलीवर टक्का देत नाही. महिन्यातून एक आणि पावसाळ्यात दोन, अशा फेऱ्यांचा ठरीव मोबदला देतो. वसुलीवर पोसलेला मनुष्य पैसा पाहतो, फेरीवर पोसलेला मनुष्य भिंत पाहतो.

तिसरी गोष्ट कागदाची. 'एकदा शिरलेला भाडेकरू निघत नाही', ही वडीलधाऱ्यांची धारणा निराधार नव्हती. विदर्भात १९४९ च्या भाडेनियंत्रण आदेशानुसार, भाडेकरूस नोटीस देण्यापूर्वी नियंत्रकाची परवानगी मिळवावी लागे. तो आदेश १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने रद्द झाला. या अधिनियमाप्रमाणे करार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी करणे ही मालकाची जबाबदारी आहे. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी नको, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरू सांगेल तेच प्रथमदर्शनी खरे धरले जाते. उलट, नोंदलेल्या परवान्याची मुदत संपूनही राहणाऱ्याने जागा सोडली नाही, तर त्याच्यावर दुप्पट शुल्काच्या भरपाईचा बोजा पडतो. नोंदणी आता घरबसल्याही होते.

परंतु कायद्याने दिलेला अधिकार केव्हा वापरावा, हे कायदा सांगत नाही. आमच्या घरात राहणाऱ्या शिक्षकाचा करार फेब्रुवारीअखेर संपत होता. महिना ७०० रुपये अधिक देणारे दुसरे कुटुंब तयार होते. इकडे भाडेकरूची कन्या दहावीस. तिची परीक्षा ऐन त्याच दिवसांत. पुण्यात बसून घर रिकामे करण्याचे पत्र लिहिणे अगदी सोपे होते. त्या ओसरीवर उभे राहून तेच शब्द उच्चारणे आम्हांस साधले नसते. अंतराचा खरा धोका आम्हांला येथे दिसला. भाडेकरू फसवील किंवा भिंत पडेल, हे त्यामानाने किरकोळ. सातशे किलोमीटरांवरून घराचा आकडा तेवढा दिसतो, माणूस दिसत नाही.

आम्ही माफक वाढ घेऊन त्यांच्याशीच नवा करार केला. घर रिकामे राहण्याचा महिना व रंगाचा खर्च वाचला. त्यामुळे पैशाच्या दृष्टीनेही फारसे बिघडले नाही. तो हिशेब जुळला नसता, तरी आम्ही हेच केले असते, असे आम्हांस वाटते. परगावी घर घेऊ पाहणाऱ्यांस आमचे सांगणे इतकेच की, किंमत ठरविण्यापूर्वी त्या गावी भर पावसात दोन दिवस राहावे, शेजाऱ्यांच्या घरी चहा घ्यावा, आणि करारावर सही करण्यापूर्वी भाडेकरूच्या मुलांची इयत्ता विचारून ठेवावी.