माहेर आणि मुलूख

स्त्री ही जन्मतःच विस्थापित असते, हे विधान आम्ही दोघी अनेक वर्षे वर्गात करीत आलो. आमच्यापैकी एक जात्यावरच्या ओव्या शिकवते, दुसरी फाळणीचे साहित्य. पण दोन्हींचा समारोप याच विधानाने होई. बाई माहेरी पाहुणी आणि सासरी परकी. मग तिचे घर कोणते, असे विचारले की वर्ग शांत होई. ती शांतता आम्हांला अध्यापनाचे यश वाटत असे.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने ती मोडली. अमृता प्रीतम यांच्या 'पिंजर' (१९५०) या पंजाबी कादंबरीवर बोलणे चालले होते. मुलगी उल्हासनगरची, सिंधी घरातली. ती म्हणाली, "मॅडम, ओवीतली बाई भावाची वाट बघते. म्हणजे भाऊ येऊ शकतो. माझ्या आजीकडे कुठून कोण येणार होतं?"

आम्ही निरुत्तर झालो. पुढच्या रविवारी तिने आम्हांला घरी नेले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली गेली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत ठेवण्यात आले आणि १९४९ साली या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. तिथला पत्ता आजही कॅम्पच्या आणि बराकीच्या क्रमांकाने सांगितला जातो. इतक्या जवळ राहूनही आम्हांला ते केवळ बाजाराचे गाव म्हणून ठाऊक होते, हे येथे कबूल केले पाहिजे.

आजी शिकारपूरच्या; आल्या तेव्हा नऊ वर्षांच्या. 'घर म्हणजे तुमच्यासाठी काय' या आमच्या पुस्तकी प्रश्नाकडे त्यांनी लक्षच दिले नाही. हिंदी-मराठीच्या मिश्र बोलीत त्या तरटाविषयी सांगू लागल्या. बराकीत दोन कुटुंबांच्या मध्ये तरटाचा पडदा असे आणि पलीकडे ऐकू जाईल म्हणून त्यांची आई रात्री कधी मोठ्याने रडली नाही. पुढे आजींचे लग्न चार बराकी पलीकडे झाले. "माहेर-सासर एकाच रांगेत. निघताना कोणी रडलं नाही. रडण्यासारखं सगळं आधीच होऊन गेलं होतं."

आमचे विधान या एका वाक्याने कोसळले. सासरी जाणे आणि मुलूख सुटणे या दोन दुःखांना आम्ही एकाच नावाने हाक मारीत होतो. ओवीतल्या स्त्रीचे माहेर दुरावते, परंतु ते जागेवर असते. आजींच्या आईला मागे वळून पाहायला जागाच उरली नव्हती. पंजाब आणि बंगाल दुभंगले, तरी त्यांचा एकेक भाग भारतात राहिला. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. भाषेला प्रांत उरला नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत सिंधीला स्थान मिळायला १९६७ साल उजाडावे लागले. आजींची पापडांच्या हिशेबाची वही अरबी लिपीतल्या सिंधीत आहे. ती वही आमच्या विद्यार्थिनीला वाचता येत नाही.

परतल्यावर आम्ही 'पिंजर' पुन्हा वाचली. पळवून नेलेली पूरो निसटून आईवडिलांच्या दारी येते, तेव्हा ते तिला परत पाठवतात. पुढे फाळणीच्या धामधुमीत भारतात जाण्याची वाट खुली होते, तेव्हा ती स्वतःच नकार देते. हा नकार आम्ही आजवर त्याग म्हणून शिकवला होता. आता त्याच्या शेजारी १९४९ चा अपहृत व्यक्तींविषयीचा भारतीय कायदा ठेवून पाहिला. त्यात मुलग्यांसाठी सोळा वर्षांची मर्यादा होती. स्त्री मात्र कोणत्याही वयाची असली तरी 'अपहृत' ठरू शकत होती आणि तिला कोठे पाठवायचे हे ठरवताना तिची संमती आवश्यक नव्हती. बाईचे घर कोणते, याचा निवाडा शासनच करू पाहत होते. अशा काळात लिहिल्या गेलेल्या कादंबरीत पूरोने स्वतःचा ठिकाणा स्वतः ठरवणे याला त्याग म्हणणे आम्हांला आता जड जाते.

अर्थात रूपके टाकून द्यावीत असे आमचे म्हणणे नाही. मात्र सर्वच स्त्रियांना विस्थापित म्हटले की जिला खरोखर परतता येत नाही, ती त्या गर्दीत दिसेनाशी होते. 'परत जायचे ठरवलेच, तर जाता येईल का?' एवढा साधा प्रश्न आम्ही आता प्रत्येक पाठ्यकृतीला विचारतो.

गेल्या वर्षी बीडकडच्या एका विद्यार्थ्याने तो प्रश्न आमच्याकडेच वळवला. "आई दरवर्षी सहा महिने ऊसतोडीला जाते. घर आहे, पण कुलूप लावलेलं. परत येते, पुन्हा जाते. तिला कुठे बसवायचं?"

या वेळी आमच्याजवळ तयार विधान नव्हते. आम्ही त्याला लिहायला सांगितले आहे.